मॅमोग्राफीच्या फिल्मवरच्या दोन समांतर रेषा

मॅमोग्राफीची फिल्म वाचताना रेडिऑलॉजिस्टची नजर पांढरे ठिपके शोधत असते. स्तनाच्या ऊतींमध्ये साचलेले कॅल्शियमचे कण क्ष-किरण अडवतात, त्यामुळे करड्या पार्श्वभूमीवर ते पांढरे उमटतात. असे बारीक, वेड्यावाकड्या आकाराचे कण एकाच जागी दाटीने दिसले, तर कर्करोगाची शंका येते आणि तपास पुढे बायॉप्सीपर्यंत जातो. काही फिल्मवर मात्र कॅल्शियम वेगळ्याच पद्धतीने दिसतं. ते एखाद्या वळणावळणाच्या वाटेने ओळीत साचलेलं असतं, आणि ओळही दुहेरी असते. रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेषा आणि मधे मोकळी जागा. कुठे त्या तुटक असतात, कुठे सलग, कुठे एका रेषेच्या जोडीला फाटा फुटून दोन जोड्या झालेल्या.

ही वाट म्हणजे स्तनातली एक लहानशी धमनी. तिच्या भिंतीत चारी बाजूंनी कॅल्शियम बसलेलं असतं. क्ष-किरण आडवे जाताना त्यांना या नळीच्या दोन्ही कडांपाशी भिंतीची जास्त जाडी ओलांडावी लागते, म्हणून कडा ठळक उमटतात आणि मधला भाग फिका राहतो.

रेडिऑलॉजिस्टला हे चित्र ओळखायला क्षणभरही लागत नाही. या कॅल्शियमचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध नसतो, त्यामुळे रिपोर्टात ‘व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन’ असा एक उल्लेख येतो, पुढे ‘बिनाइन’ हा शब्द आणि बाय-रॅड्स या मॅमोग्राफीचे रिपोर्ट लिहिण्याच्या प्रमाणित पद्धतीतली दुसरी श्रेणी, म्हणजे निर्धोक. पुष्कळदा एवढंही लिहिलं जात नाही, कारण बाय-रॅड्सच्या नियमांनुसार त्याची नोंद करणं बंधनकारक नाही. रिपोर्ट हातात आला की बाई शेवटची ओळ वाचते, कर्करोग नाही म्हटल्यावर सुटकेचा श्वास टाकते आणि मोठं पाकीट कपाटात ठेवून देते. कर्करोगापुरतं पाहिलं तर यात काहीच चुकलेलं नाही. पण त्या रेषा तिच्या हृदयाविषयी काही सांगत असण्याची शक्यता आहे आणि ती गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी नवी तपासणी लागत नाही, जास्तीचा किरणोत्सर्ग लागत नाही आणि जास्तीचा पैसाही लागत नाही. माहिती फिल्मवर आधीच आहे.

आता या रेषा नेमक्या कशाच्या, हे समजून घेऊ. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. हार्ट अटॅक ज्यामुळे येतो तो आजार मुख्यतः सर्वांत आतल्या थरात सुरू होतो. तिथे कोलेस्टेरॉल साचतं, सूज येते, गाठ वाढते आणि रक्ताची वाट अरुंद होते. अशी एखादी गाठ फुटून तिच्यावर रक्ताची गुठळी धरली की झटका येतो. स्तनातल्या धमन्यांमधलं कॅल्शियम बहुतांशी मधल्या थरात असतं. हा थर स्नायूपेशींचा आणि लवचीक तंतूंचा. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान गेओर्ग म्योंकेबेर्ग यांनी मधल्या थरातल्या या बदलाचं वर्णन १९०३ साली केलं आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इथे वाट अरुंद होत नाही, भिंत कडक होते. रक्तात मिसळलेलं कॅल्शियम नुसतं तिथे येऊन बसतं, असंही नाही. स्नायूपेशी आपलं मूळ काम सोडून हाडं तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. वाढतं वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार या तिन्ही गोष्टी या प्रक्रियेला हातभार लावतात.

म्हणून मग साहजिक प्रश्न येतो की, आजार वेगळ्या थरातला आणि धमनीही वेगळी, तर हृदयाशी तिचा संबंध काय? एक गोष्ट तर या शंकेला आणखी बळ देणारी आहे. स्तनाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्यांपैकी एक छातीच्या हाडामागून खाली उतरते. बायपास शस्त्रक्रियेत सर्जन बहुतेक वेळा डाव्या बाजूची हीच धमनी सोडवून हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडतात, कारण ती वर्षानुवर्षं स्वच्छ राहते, तिच्यात कोलेस्टेरॉलच्या गाठी सहसा होत नाहीत. जिच्या फांद्या स्तनात जातात ती धमनी हृदयरोगापासून इतकी सुरक्षित असेल, तर त्या फांद्यांमधलं कॅल्शियम हृदयाविषयी काय सांगणार?

याचं उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, तर हजारो बायकांच्या पाठपुराव्यातून मिळालं. त्यातला माझ्या मते सर्वांत नेटका अभ्यास उत्तर कॅलिफोर्नियातला, ‘मिनर्व्हा’ नावाचा. कैसर परमनेंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेत नियमित मॅमोग्राफीसाठी आलेल्या ६० ते ७९ वर्षं वयाच्या ५,०५९ स्त्रिया त्यात घेतल्या होत्या. निवड करताना त्यांच्यापैकी कुणालाही हृदयविकार झालेला नव्हता आणि स्तनाचा कर्करोगही नव्हता. डिजिटल फिल्मवरून धमन्यांमधलं कॅल्शियम मोजलं गेलं. साधारण २६ टक्के स्त्रियांच्या धमन्यांमध्ये ते सापडलं. त्यानंतर सरासरी साडेसहा वर्षं या स्त्रियांचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांच्या धमन्यांत कॅल्शियम होतं, त्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या आजारांचा धोका इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होता. वय, वंश, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान या सगळ्यांचा हिशोब करून उरलेला हा फरक आहे. म्हणजे नेहमीच्या तपासण्यांतून जे कळतं, त्याच्यापलीकडचं काहीतरी या रेषा सांगत होत्या.

५१ टक्के हा आकडा वाचून घाबरायला होतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं. याचा अर्थ कॅल्शियम असलेल्या निम्म्या बायकांना झटका येतो, असा मुळीच नाही. समजा एका वयाच्या, सारख्या प्रकृतीच्या शंभर स्त्रियांपैकी सहाजणींना काही वर्षांत हृदयविकार होणार असेल, तर या रेषा असलेल्या शंभरजणींमध्ये ही संख्या नऊच्या आसपास जाईल. उरलेल्या ९१ जणींना त्या काळात काही होणार नाही. पण ज्या तिघीजणींची भर पडली, त्यांचा झटका कदाचित टाळता आला असता. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत टक्का येतो, तो कशाचा टक्का हे येत नाही, आणि अशा बातम्यांनी निष्कारण भीती पसरते.

या अभ्यासात आणखी एक नोंद आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. कॅल्शियम जितकं जास्त तितका हार्ट अटॅकचा धोका जास्त, असं सरळ प्रमाण मिनर्व्हात दिसलं नाही. याउलट सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ हजारांहून अधिक स्त्रियांच्या फिल्म संगणकाकडून मोजून घेतल्या, तेव्हा कॅल्शियमच्या प्रमाणाबरोबर धोका चढत गेलेला आढळला. हा निष्कर्ष २०२४ सालचा. दोन्ही अभ्यासांतल्या बायकांची वयं वेगळी, मोजण्याची रीत वेगळी. ‘आहे की नाही’ यावर दोघांचं एकमत आहे, ‘किती आहे’ याचं वजन अजून ठरायचं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मधल्या थरातलं कॅल्शियम वाट अडवत नाही, तर मग धोका का वाढतो? एक कारण थेट आहे. धमन्या कडक झाल्या की हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. वरचा रक्तदाब वाढतो, खालचा घसरतो, आणि वर्षानुवर्षं हा भार वाहून हृदयाचा स्नायू जाड होतो. मिनर्व्हातही हार्ट अटॅक आणि पक्षाघाताबरोबर हार्ट फेल्युअरसारखे आजार धरले, तेव्हा धोका वाढलेला दिसला. दुसरं कारण असं की, एकाच शरीरातल्या धमन्यांचं वय बरोबरीनेच वाढत असतं. स्तनातल्या धमन्यांवर जे दिसतं ते इतर ठिकाणीही कमीअधिक प्रमाणात चालू असतं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या एका अभ्यासात २९२ स्त्रियांची मॅमोग्राफी आणि छातीचा सीटी स्कॅन शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा स्तनातल्या धमन्यांत कॅल्शियम असलेल्या सुमारे ७० टक्के जणींच्या हृदयाच्या धमन्यांतही ते होतं.

वयाचा भाग मोठा आहे, हे विसरून चालणार नाही. चाळिशीत या रेषा क्वचित दिसतात, ऐंशीच्या पुढे मात्र त्या इतक्या सर्रास दिसतात की त्यांतून फारसं वेगळं काही कळत नाही. त्यामुळे ८२ वर्षांच्या आजींच्या फिल्मवर त्या दिसल्या तर काळजीचं कारण कमी, आणि ४८ वर्षांच्या बाईच्या फिल्मवर दिसल्या तर तिच्याकडे लक्ष जास्त द्यायला हवं. ज्यांना मुलं झाली आहेत आणि ज्यांनी अंगावर पाजलं आहे, त्यांच्यातही या रेषा जास्त आढळतात. याचा अर्थ अंगावर पाजणं हृदयाला घातक, असा कुणी काढू नये. स्तनपानाचे आईच्या प्रकृतीला होणारे फायदे चांगले सिद्ध झालेले आहेत.

सर्वांत चकवा देणारी गोष्ट तंबाखूची. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनातल्या धमन्यांतलं कॅल्शियम उलट कमी आढळलं. आणि धूम्रपान तर हार्ट अटॅकच्या मोठ्या कारणांपैकी एक! उच्च कोलेस्टेरॉलचंही या रेषांशी नातं पक्कं जुळत नाही. यावरून एक गोष्ट नक्की कळते. रेषा नाहीत म्हणजे हृदय ठणठणीत, असं प्रमाणपत्र कुणीही घेऊ नये. आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या बायका थोड्या असतील, पण खेड्यापाड्यांत मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की त्या सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासण्याची गोष्ट. प्रश्न मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवा.

इतकी वर्षं या रेषा दिसत असूनही त्यांच्याकडे हृदयाच्या अंगाने फारसं कुणी का पाहिलं नाही, याचं मूळ मला एका जुन्या समजुतीत दिसतं. हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार आणि स्तनाचा कर्करोग हा बायकांचा, अशी वाटणी डॉक्टरांच्याही डोक्यात बराच काळ होती. प्रत्यक्षात जगभर स्त्रियांच्या मृत्यूंमागे सर्वांत पुढे असलेलं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ बर्नडीन हीली यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात हा भेदभाव स्पष्ट शब्दांत मांडला. शिकता यावं म्हणून पुरुषाचा वेश घेणारी येंटल ही आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या कथेतली मुलगी. तिचं नाव घेऊन हीलींनी म्हटलं की, बाईचा हृदयरोग पुरुषासारखा तीव्र असल्याचं सिद्ध झालं, तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. बायकांनाही झटक्यात छातीत दुखतंच, पण त्याच्या जोडीला दम लागणं, मळमळणं, पाठीत किंवा जबड्यात कळ येणं, कमालीचा थकवा ही लक्षणं त्यांच्यात जास्त असतात. घरात ती ‘पित्त झालंय’, ‘दगदग झालीय’ या नावांखाली जातात आणि मोलाचे तास निघून जातात.

भारतीय बाईच्या बाबतीत हे आणखी गंभीर होतं. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी आलेला आढळला. त्यात मधुमेहाची भर. पाळी चालू असेपर्यंत बाईला हृदयविकारापासून जे थोडंबहुत संरक्षण असतं, ते मधुमेह असला की बरंचसं निघून जातं. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका पुरुषांमध्ये ज्या पटीने वाढतो, त्याहून स्त्रियांमध्ये जास्त पटीने वाढतो.

कॅनडातल्या स्तनतपासणी करणाऱ्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने २०२३ साली भूमिका घेतली की, धमन्यांमधलं कॅल्शियम दिसलं तर ते रिपोर्टात लिहावं. अमेरिकेत अजून तशी सक्ती नाही. तिथे सप्टेंबर २०२४ पासून स्तनांची घनता किती आहे हे प्रत्येक बाईला कळवणं कायद्याने बंधनकारक झालं, पण धमन्यांची गोष्ट त्या कायद्यात नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही समजून घेण्यासारखं आहे. हे कॅल्शियम कमी करणारं औषध हातात नाही, आणि त्याची माहिती दिल्यामुळे हार्ट अटॅक टळतात, असं सिद्ध झालेलं नाही. मग बाईच्या मनाला घोर का लावायचा, असं ते विचारतात. मला हे पटत नाही. कॅल्शियमवर औषध नसलं तरी रक्तदाबावर आहे, साखरेवर आहे, कोलेस्टेरॉलवर आहे. पन्नाशीच्या कित्येक बायकांनी आयुष्यात एकदाही या तीन गोष्टी एकत्र तपासलेल्या नसतात. या रेषांच्या निमित्ताने तेवढं झालं तरी मोठं काम होईल.

संशोधन त्याच्याही पुढे चाललं आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या ४९,१९६ स्त्रियांच्या मॅमोग्राफी आणि त्यांचं वय एवढ्यावरून हृदयविकाराचा अंदाज बांधायला संगणकाला शिकवलं गेलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संगणकाने फक्त धमन्या नाही, तर सबंध चित्र वाचलं, आणि त्याचा अंदाज रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे विचारून केलेल्या नेहमीच्या हिशोबाच्या तोडीचा निघाला. हे उत्साह वाढवणारं आहे. पण हा संगणक ऑस्ट्रेलियातल्या बायकांच्या फिल्म पाहून शिकला आहे. सोलापूर किंवा जळगावच्या बाईसाठी तो वापरायचा, तर आधी इथल्या फिल्मवर त्याची परीक्षा घ्यायला हवी.

आणि इथल्या फिल्म आहेतच किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या जेमतेम ०.९ टक्के आहेत. आपल्या सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेली तपासणी आहे. तिचा उपयोग होतो, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दाखवलं. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या तपासणीमुळे सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे बहुसंख्य बायकांच्या वाट्याला मॅमोग्राफीची फिल्म येणारच नाही. तेव्हा हृदयाचा धोका ओळखण्यासाठी मॅमोग्राफी करून घ्या, असा सल्ला कुणी देत असेल तर तो चुकीचा आहे. त्या कामाला रक्तदाबाचा पट्टा आणि रक्ताची साधी तपासणी पुरते, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

पण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, पणजी अशा शहरांत स्तनांसाठी म्हणून मॅमोग्राफी करून घेणाऱ्या बायकांची संख्या आता लहान नाही. त्यांना एक सोय आहे. आपल्याकडे फिल्म आणि रिपोर्ट सहसा पेशंटच्याच ताब्यात दिले जातात. जुनी पाकिटं घरी असतील तर पुढच्या तपासणीला ती बरोबर न्यावीत आणि रेडिऑलॉजिस्टना सरळ विचारावं, ‘डॉक्टर, माझ्या धमन्यांमध्ये कॅल्शियम दिसतंय का?’ उत्तर होकारार्थी आलं तर लगेच अँजिओग्राफीच्या मागे धावायचं कारण नाही. रिपोर्ट घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावं. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉलचे घटक आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, एवढं तपासून घ्यावं. त्यानंतरही धोका मध्यम वाटत असेल आणि औषध सुरू करावं की नाही असा पेच असेल, तर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन डॉक्टर सुचवू शकतात. हाडांसाठी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र घाबरून आपल्या मनाने बंद करू नयेत. धमनीच्या भिंतीतला बदल हा गोळ्यांचा साका नव्हे, आणि या वयात हाडांनाही जपायचंच असतं.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आणखी काही गोष्टी आपणहून सांगाव्यात. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, पायांवर आणि तोंडावर सूज येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का, तेव्हा साखर वाढली होती का, मूल दिवसांच्या आधी झालं का, पाळी चाळिशीच्या आधीच गेली का. बाळंतपणानंतर हे सगळं मिटलं असं धरून चालतात, पण त्यांतली प्रत्येक गोष्ट पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका वाढवते, आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या केसपेपरवर त्यासाठी बहुतेक वेळा रकानाच नसतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे कागद राहिलेले नसतील. अशा वेळी आईला, सासूबाईंना किंवा थोरल्या जावेला विचारावं. कुणाचे पाय सुजले होते आणि कुणाला किती दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, हे त्यांच्या लक्षात असतं.